न उघडलेला मेल आणि गच्चीची किल्ली

गच्चीच्या दाराला कुलूप दिसलं तेव्हा माझ्या एका हातात खराटा होता आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत जाते, पुढचा जिना पायांनीच चढावा लागतो. तो चढून मी वर आले होते, गच्ची झाडून धुऊन घ्यायला. कुलूप नवं होतं, पिवळंधमक. बादली तिथेच ठेवली आणि खाली सेक्रेटरीच्या दारात गेले.

घरी मोठ्या पातेल्यात गहू भिजत होते. नामपूरहून माझ्या भावाने पाठवलेले, त्याच्या शेतातले. कुरडयांचा गहू एकदा भिजत घातला की तो कुणासाठी थांबत नाही. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर तळाशी बसू द्यायचा, आणि सकाळी शिजवून ऊन चढायच्या आत सोऱ्याने कागदावर घालायचा. मध्ये अडलं तर सगळं आंबतं आणि मोरीत ओतावं लागतं. भावाला मी काय सांगणार होते? तुझा गहू कुलपाने खाल्ला?

सेक्रेटरी माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी तरी लहान आहे. माणूस वाईट नाही. लिफ्ट बंद पडली तर रविवारीही माणूस बोलावून आणतो. त्याने दार उघडलं, मी विचारलं, तर तो म्हणाला, गच्चीचा ठराव झाला मावशी. सगळ्या गच्चीवर सोलर बसणार. लिफ्टचं आणि पंपाचं लाइटबिल कमी होईल. आता वर कुणी जायचं नाही, वाळवण नाही, कपडे नाहीत, संध्याकाळचं बसणं नाही. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सोलरवाला येणार आणि त्याच्या हातात किल्ली द्यायची.

ठराव कधी झाला, मी विचारलं. तर म्हणे मागच्या महिन्यातल्या सभेत. सभेला सातआठ जण आले होते. मला का नाही बोलावलं? फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझ्या नवऱ्याने सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं पाळ्या केल्या आणि घर घेताना ते माझ्या नावाने घेतलं. त्यामुळे सोसायटीची मेंबर मी आहे, माझा मुलगा नाही.

"नोटीस मेलवर पाठवली होती, मावशी. महिन्याच्या दोन तारखेला. तुम्ही मेल उघडत नसाल तर त्याला मी काय करू?"

मी म्हणाले, नोटीस आलेली नाही. तुम्ही खोटं बोलताय. जिन्यात उभी राहून म्हणाले आणि माझा आवाज मुळातच मोठा आहे. वरखालची दारं उघडली.

तो चिडला नाही. हसला, ते मला जास्त लागलं. म्हणाला, "मेल म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?"

मी चौथी शिकलेली आहे. शाळा गावातच होती, पुढची शाळा लांब होती, विषय संपला. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. बसची पाटी वाचता येते, पेपर वाचता येतो, हे जे लिहिते आहे तेही येतं. पण मेल म्हणजे काय ते मला खरोखर माहीत नव्हतं, आणि तेच त्याने बरोबर पकडलं होतं. मी परत फिरले. वर जाऊन बादली आणली. पाणी तुळशीला घातलं.

मुलगा म्हणाला, आई, जाऊ दे, कुरडया विकत मिळतात. पंचवटीत ढिगाने मिळतात.

मिळतात हे मलाही ठाऊक आहे. प्रश्न कुरडयांचा नव्हता. फाल्गुन लागला की मी गच्चीवर जाते आणि वैशाख संपेपर्यंत माझा दिवस तिथे जातो. कुरडया, ज्वारीच्या बिबड्या, सांडगे, उडदाचे पापड. गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो, पण बघायला मला वेळ नसतो. कॉलनीतल्या बायका येऊन सांगून जातात, अमुक इतकं माझं घाला. गच्ची गेली असती तर दुसऱ्या दिवसापासून मी ह्या घरातली बसलेली म्हातारी झाले असते. टीव्हीसमोर बसलेली, गोळी घेतली का म्हणून येताजाता विचारली जाणारी. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी अशा बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. मला बसायचं नव्हतं. भांडण एवढ्याचसाठी होतं.

आता मेलचं सांगते. आधी सोसायटीचं सगळं फोनवरच्या ग्रुपवर चालायचं. तिथे गाडी लावण्यावरून दोन घरांची इतकी जुंपली की सेक्रेटरीने ग्रुपच बंद केला आणि जाहीर केलं की ह्यापुढे सगळं मेलवर, पक्कं आणि कायदेशीर. प्रत्येक मेंबरने आपला मेलचा पत्ता द्यायचा. माझा पत्ता मुलाने कधीतरी काढून ठेवला होता. त्याचं पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. आमच्या घरात कुठल्याही दुकानात मेलचा पत्ता मागितला की सगळेजण माझा सांगायचे. साडीचं दुकान, चपलांचं दुकान, गाडीचा विमा, नातवाचे खेळ, लग्नाचा हॉल. आपल्या मेलच्या डब्यात कचरा नको, आईच्या डब्यात पडू दे, आई कुठे उघडते. बाहेर ओटा असला की येणाराजाणारा त्यावर पिशवी टेकवतो, तसा माझा डबा झाला होता.

रविवारी सकाळी मी सुनेसमोर जाऊन बसले. सून घरूनच काम करते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिचं माझं फार गोडीगुलाबीचं नाही. ती सकाळी चहाबरोबर बिस्कीट खाते, मला ते आवडत नाही. मी तिच्या मिक्सरमध्ये गहू वाटते, तिला ते आवडत नाही. पण ती कामाला लागली की काम पुरं करते, आणि मला माणसातलं तेवढंच कळतं.

मी तिला म्हणाले, माझा मेल बघ. दोन तारखेला नोटीस आली होती का ते मला सांग. नव्हती आली तर संध्याकाळी त्याची उतरवते.

तिने माझा डबा फोनवर उघडायचा प्रयत्न केला. चक्र फिरत राहिलं. इतका कचरा होता की यादी खाली सरकवता सरकवता तिचं बोट दुखलं, आणि यादी अजून दिवाळीच्या साड्यांच्या आसपासच होती. तिने फोन ठेवला आणि लॅपटॉप ओढला.

"असं नाही होणार. प्रोग्रॅम लिहिते छोटासा."

मी विचारलं, म्हणजे काय करणार? तिने सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहिते. मेल आपल्या फोनमध्ये नसतात. ते दुसरीकडे, एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. फोन दर वेळी त्याच्याकडे जाऊन मागतो. तिचा प्रोग्रॅम फोनला बाजूला ठेवून थेट सर्व्हरच्या दारात जाणार, माझं नाव आणि पासवर्ड सांगणार आणि म्हणणार, ह्या बाईच्या डब्यात जे आहे त्याची नुसती हेडर दे.

हेडर म्हणजे मेलच्या डोक्यावरचं. कुणी पाठवलं, कुणाला पाठवलं, कधी, विषय काय. आतला मजकूर नाही.

"म्हणजे पाकिटावरचं," मी म्हणाले.

"हो, पाकिटावरचं. आणि शिक्केही."

मग आतलंच का नाही मागत, एकदाच काय तो निकाल लागेल. ती म्हणाली, नाही आई. आपण मेल उघडला की सर्व्हर त्यावर वाचल्याची खूण करून ठेवतो. उद्या ते म्हणतील, बघा, तुम्ही वाचला होता. म्हणून आत जायचं पण हात लावायचा नाही. तशी सोय आहे. नुसतं बघायला आलोय असं आधीच सांगायचं, म्हणजे सर्व्हर कसलीच खूण करत नाही.

मला हे पटलं. दुसऱ्याच्या वाळवणाला हात न लावता ते वाळलं की नाही ते सांगता येतं, मी आयुष्यभर तेच केलं आहे.

पासवर्डवर पहिली अडचण आली. मुलाने काढलेला पासवर्ड त्याला आठवत नव्हता. सुनेने दोनचार घालून बघितले आणि शेवटी तिला तो सापडला, मुलाच्या पहिल्या मोटरसायकलचा नंबर. पण सर्व्हर म्हणाला, तुम्ही माणूस म्हणून आलात तर हा चालेल, प्रोग्रॅम म्हणून आलात तर वेगळा पासवर्ड काढा. तो काढायला माझ्या साध्या फोनवर आकडे आले. मी ते एकेक करून वाचून दाखवले. दोनदा उशीर झाला, तो म्हणाला मुदत संपली. तिसऱ्यांदा मी चष्मा आधीच लावून बसले.

मग ती लिहायला लागली. मला वाटलं होतं खूप असेल. पडद्यावर जेमतेम पानभर झालं. इकडे मी गहू वाटायला घेतले, तिच्याच मिक्सरमध्ये. त्या दिवशी ती त्यावरून काही बोलली नाही.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तेव्हा साड्या, चपला, विमा सगळं इंग्रजीत भराभर वर सरकत गेलं. मधेमधे मात्र नुसता गोंधळ होता. बरोबरीची चिन्हं, प्रश्नचिन्हं, आणि मग अक्षरं आणि आकडे एकमेकांत गुंतलेले, कोंबडीने उकिरडा उकरावा तसे. मी म्हणाले बिघडलं. ती म्हणाली बिघडलं नाही, ते मराठी आहे. हेडरमधून मराठी अक्षरं सरळ जात नाहीत, त्यांची अशी गाठोडी बांधून पाठवतात. आपल्याकडे आली की सोडायची असतात. मी सोडायला विसरले.

तिने दोन ओळी वाढवल्या. गाठोडी सुटली. त्या सगळ्या इंग्रजीत अधूनमधून मराठीच्या ओळी दिसायला लागल्या, आणि त्या माझ्या मला वाचता आल्या.

तिने आधी विषयात सभा हा शब्द शोधला. काही निघालं नाही. नोटीस शोधला. काही नाही. गच्ची, सोलर, ठराव. काहीच नाही.

मी गाळणीतून चीक काढत होते, तसेच हात घेऊन उठले. म्हणाले, बघ. मी म्हणतच होते. खोटारडा मेला.

"थांबा," सून म्हणाली. "विषयावरून नको. पाठवणाऱ्यावरून बघू."

तिने सोसायटीचा पत्ता घातला आणि पुन्हा चालवला. ह्या वेळी पुष्कळ ओळी आल्या, आणि एकजात सारख्या. पुढे इंग्रजीत दोन अक्षरं आणि मग मराठीत, पाण्याची टाकी साफ करण्याबाबत. खालीही पाण्याची टाकी साफ करण्याबाबत. त्याखालीही तेच. गणपतीच्या दिवसांतही टाकी, दिवाळीतही टाकी, संक्रांतीलाही टाकी.

मी म्हणाले, एवढ्या वेळा टाकी साफ झाली असती तर नळाला शेवाळ कशाला आलं असतं?

सून हसली आणि मग हसायची थांबली. तिने दोन तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथेही टाकीच होती. ती म्हणाली, "आई, नोटीस आली आहे. ही असणार ती."

सेक्रेटरीची पद्धत तिच्या लगेच लक्षात आली, आणि तिने सांगितल्यावर माझ्याही. त्याने मेलवरचा कारभार सुरू केला तेव्हा सगळ्यात पहिला मेल टाकी साफ करण्याचा पाठवला होता. त्यात सगळ्यांचे पत्ते एकदा घातले. पुढे दर वेळी कोण पत्ते घालत बसणार? तो तोच जुना मेल उघडायचा, सगळ्यांना उत्तर असं बटण दाबायचा आणि आत नवीन मजकूर लिहायचा. पत्ते आपोआप यायचे. विषयही आपोआप तोच यायचा. ती पुढची दोन इंग्रजी अक्षरं त्या उत्तराच्या बटणाचीच होती. वर्गणी असो, पार्किंग असो, ठराव असो, सगळं टाकीत. हे सगळं सून पाकिटांवरूनच सांगत होती, आत कुणी डोकावलं नव्हतं.

"तारखेत काही खोट नाही," सून म्हणाली. "वेळेत पोचला आहे. शिक्के बरोबर आहेत. आणि तुम्ही सगळ्या जिन्याला ऐकवून आलात की आली नाही. आता गप्प बसलेलं बरं."

मी हात धुतले. गप्प बसणं मला जमलं असतं तर मी हे लिहीत बसले नसते.

मी तिला म्हणाले, आली ना? मग आली असंच सांगू. पण ज्या नावाने आली तेही सांगू. ती ओळ उघडू नकोस. हा कागद जसा आहे तसा छापून आण. उघडायचं काम त्यालाच करू दे, सगळ्यांसमोर.

 ती म्हणाली, तुम्ही माझ्या कंपनीत असतात तर माझी नोकरी गेली असती. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद छापून आणला.

इथे चौथ्या मजल्यावरच्या बाईचं सांगायला हवं. थंडीत तिचे सासरे वारले. म्हातारे भले होते, खाली बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करायचे. अंत्ययात्रेला बिल्डिंग गेली. दहाव्याला रामकुंडावर मात्र त्यांच्या नातेवाइकांशिवाय कुणी नव्हतं. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. लिफ्टमध्ये भेटली तर भिंतीकडे बघायची. आम्हाला वाटायचं, बाई दुःखात आहे. कुणी म्हणायचं, पहिल्यापासून जराशी शिष्टच आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सोलरवाला आपली चित्रं घेऊन बसला होता. किल्ली सेक्रेटरीच्या शर्टाच्या खिशात होती, दोरी बाहेर लोंबत होती. बरीच माणसं आली होती, कारण जिन्यातलं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं. चौथ्या मजल्यावरचीही आली होती. मागे खांबाला टेकून उभी होती.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं की परवा मी ह्यांना खोटारडे म्हणाले. तो शब्द मागे घेते. नोटीस दोन तारखेला माझ्या डब्यात आली होती. माझ्या सुनेने सर्व्हरवर जाऊन बघितलं आहे.

सेक्रेटरीचा चेहरा खुलला. म्हणाला, मावशी, मोठं मन लागतं असं बोलायला. मी म्हणाले, मन राहू द्या. आता तुमच्या फोनवर तो मेल काढा आणि विषयापासून मोठ्याने वाचा.

तो म्हणाला, त्यात काय वाचायचं? मी म्हणाले, वाचा तर. त्याने फोन काढला, चष्मा वर सरकवला आणि सुरुवात केली.

"पाण्याची टाकी साफ करण्याबाबत," तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

कुणीतरी हसलं. मग एकेकाने आपला फोन काढला. पार्किंगमध्ये बरीच बोटं सरकायला लागली. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, माझ्याकडे तर हे सगळे टाकीचे मेल न उघडताच पडलेत, मला वाटायचं टाकीवाल्याशी काही वाद चालू असेल. मी माझा कागद हातात धरला होता. मी म्हणाले, पाकिटावर लिहायचं सत्यनारायणाचं बोलावणं आणि आत घालायची घर रिकामं करा अशी नोटीस, ह्याला पोचवणं म्हणत असाल तर म्हणा. माझी सून म्हणते शिक्के बरोबर आहेत. मीही म्हणते बरोबर आहेत.

सेक्रेटरी म्हणाला, विषय काहीही असो, आत स्पष्ट लिहिलं होतं. उघडायची जबाबदारी मेंबरची. कायद्याने ठराव बरोबर आहे.

असेलही. कायदा मला माहीत नाही. काही जणांनी मान डोलावली. सोलरवाल्याने चित्रं पुढे केली. मला वाटलं गेली गच्ची.

तेव्हा मागून चौथ्या मजल्यावरची बोलली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज ऐकला.

"आमच्या नानांच्या दहाव्याचं तुम्ही सगळ्यांना कळवतो म्हणाला होता. ते कशात कळवलं?"

 ती पुढे आली. म्हणाली, बघा ना. काढा. त्याचं बोट फोनवर सरकत राहिलं, खूप वेळ लागला. मग त्याने फोन तिच्याच हातात दिला. तिने वाचलं, मोठ्याने नाही. फोन परत दिला.

"टाकीतच," ती म्हणाली. "आणि मी तीन महिने समजत होते की तुम्हाला कुणाला यायचं नव्हतं."

 माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदर तोंडाला लावला. सेक्रेटरी खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं. त्याला तेवढंच बटण माहीत होतं, आणि दुसरं कसं करायचं हे कुणाला विचारण्याइतका तो लहान नव्हता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. त्याने मला विचारलं होतं मेल म्हणजे काय माहीत आहे का. त्यालाही माहीत नव्हतं.

तो मग तिच्याकडे बघून म्हणाला, ताई, चुकलं.  ती खांबाकडे परत गेली नाही. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि सेक्रेटरीला म्हणाली, तो गच्चीचा ठराव पुन्हा घ्या. कागद लिफ्टपाशी लावा, मोठ्या अक्षरांत.

ह्यावर वाद झाला नाही. ज्यांनी मघाशी मान डोलावली होती त्यांनीच आता पुन्हा डोलावली. माणसं अशीच असतात. सोलरवाल्याने चित्रं गुंडाळली आणि विचारलं, मग किल्ली? सेक्रेटरी म्हणाला, ठराव होईपर्यंत माझ्याकडेच राहील.

मी हात पुढे केला. म्हणाले, "माझा गहू वाटून झालाय. चीक ठरावासाठी थांबत नसतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग लोकांकडे. मग खिशातली दोरी ओढली.

सोमवारी सकाळी ऊन यायच्या आत आम्ही दोघी वर गेलो, मी आणि सून. तिने सुट्टी टाकली होती, मी सांगितलं नव्हतं. गच्ची झाडली, धुतली, कागद अंथरला, कडेला विटा ठेवल्या, मग खालून शिजवलेला चीक आणला. थोड्या वेळाने चौथ्या मजल्यावरची आली. मी सोऱ्या तिच्या हातात दिला. तिच्या कुरडया वाकड्यातिकड्या पडत होत्या, एक इवलीशी, एक बिबडीएवढी. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे घोटीकडे तांदळाचं असतं सगळं, गव्हाचं मला येत नाही. मग शीक, मी म्हणाले. दहाव्याबद्दल ती बोलली नाही आणि मी काढलं नाही. चीक गरम असेपर्यंत बोलायला वेळ नसतो.

पुढची सभा झाली. कागद लिफ्टपाशी लागला होता, इतक्या मोठ्या अक्षरांत की मला चष्म्याशिवाय वाचता आला. मी सोलरच्या बाजूने हात वर केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, सोलरला माझा विरोध कधीच नव्हता, ऊन काय कुणाच्या बापाचं आहे? अर्धी गच्ची त्यांना, अर्धी आम्हाला. चौथ्या मजल्यावरचीने हात वर केला, मग इतरांनी. दक्षिणेची बाजू सोलरला गेली, तिथे ऊन जास्त वेळ राहतं. माझ्या वाटणीच्या बाजूला कुरडयांना अर्धा दिवस जास्त लागतो. मला चालतं. मी कुठे घाईत आहे.

सेक्रेटरी आता दर वेळी नवा मेल लिहितो आणि वर विषय घालतो. कधीकधी विषय इतका लांब असतो की आत लिहायला काही उरत नाही. मध्यंतरी टाकी खरोखरच साफ करायची होती, तेव्हा मात्र त्याने मेल पाठवला नाही. घरोघरी फिरून सांगून गेला. आमच्या दारात उभा राहून म्हणाला, मावशी, हे टाकीचंच आहे हं, दुसरं काही नाही.

सुनेने तो प्रोग्रॅम टाकून दिलेला नाही. रविवारी सकाळी माझ्या डब्यातली पाकिटं पडद्यावर काढून देते. मी खुर्ची ओढून बसते आणि मराठी असतील तेवढी स्वतः वाचते. इंग्रजीतली ती वाचून दाखवते, आणि साडीवाल्यांची पाहिली की दोघी मिळून त्यांना शिव्या देतो. दुकानात पत्ता मागितला की आता घरात ज्याने त्याने आपापला द्यायचा असं मी सांगितलं आहे. मुलगा म्हणाला, माझा डबा भरून जाईल. भरू दे.

गच्चीची किल्ली परत मागायला सेक्रेटरी एकदा आला होता. मी म्हणाले, वाळवण चालू आहे. पावसाळ्यात पुन्हा आला. मी म्हणाले, सोलर पुसायला कुणी जाणार असेल तर माझ्याकडून घेऊन जावी आणि परत आणून द्यावी. ती स्वयंपाकघरात सोऱ्याशेजारच्या खिळ्याला आहे. ज्याला लागते तो येऊन मागतो, आणि मी कशाला हवी ते विचारूनच देते.